अकरा वेळा

अंगावर धातू नको, म्हणाले.
जहूरभाईनं घड्याळ काढलं, पट्टा काढला,
गळ्यातला तांब्याचा ताईत काढताना जरा थांबला,
मग तोही माझ्या रुमालात ठेवला.
खिशातून खुंटीचा मोडका तुकडा निघाला, शिसवी.
"राहू दे," सुतार म्हणाला,
"लाकडाला चुंबक विचारत नाही."

मिरजेच्या त्या गार खोलीत
भाऊ डोक्याकडून यंत्रात गेला.
एका हातात बटण.
आरवाडे बाईंनी तीनदा समजावलं होतं:
आवाज आला की दाबायचं,
गेला की सोडायचं,
काय बोलला ते सांगायची सक्ती नाही.

हे तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हणालं.
आम्ही घरचे तेवढंच विचारायचो,
कोण आहे, बाई की पुरुष, काय म्हणतोय?
अब्बांनी एकदा मुस्काटात देऊन विचारलं होतं.

मी काचेच्या अलीकडे.
यंत्र आधी ठोकत राहिलं,
मग एक लांब भोंगा,
काळी चारच्या आसपास, थोडा चढा.
काय करणार, आमच्या घरात
कुकरची शिट्टीसुद्धा कुणीतरी पट्टीत बसवून बघतं.

जवारी काढायला त्याच्यासारखा हात
गल्लीत नव्हता.
घोडीवर कानस एकदा फिरवायची,
थांबायचं, ऐकायचं.
केसभर जास्त गेलं की तार मुकी.
मग दोरा सरकवायचा, नखाच्या कडेएवढा,
आणि चार तारांतून पाचवा कुणी उठायचा:
गंधार,
जो कुठल्याच खुंटीवर नसतो,
कुणी छेडलेला नसतो,
आणि गाणारा डोळे मिटतो
म्हणजे असतो.

पंचविसाव्या वर्षी त्यानं कानस खाली ठेवली.
तानपुऱ्याआडून कुणीतरी बोलतंय, म्हणाला,
वाकडं केलंस, म्हणतंय.
मी तबली उघडून
भोपळ्यात बॅटरी मारून पाहिली.
हसू नका. सोळा वर्षांचा होतो.

बाईंनी पडद्यावर दाखवलं नंतर.
उभ्या चिरलेल्या भोपळ्यासारखं डोकं,
करड्यात करडं,
आणि डावीकडे दोन ठिकाणी निखारा.
"हा भाग ऐकण्याचा. म्हणजे खोटं नाही बोलत ते.
ऐकू येतंच."
मी मान हलवली. एवढं मला
चार तारांपासून ठाऊक होतं.
"आणि हा," बोट कपाळाकडे सरकलं,
"हा बोलण्याचा."

मग त्या शब्द शोधत राहिल्या.
आपण मनात बोलतो तेव्हा म्हणे
मेंदू स्वतःलाच आधी एक चिठ्ठी धाडतो:
हे माझंच आहे, दचकू नकोस.
यांची चिठ्ठी बहुधा वाटेत हरवते.
"बहुधा," त्या पुन्हा म्हणाल्या,
"अजून अठराच जणांची चित्रं झालीत."

म्हणजे तेवीस वर्षं
माझा भाऊ बोलत होता
आणि माझा भाऊ ऐकत होता
आणि दोघांची ओळख करून द्यायला
घरात कुणी नव्हतं.

बाहेर गाड्यावर चहा घेतला.
ताईत गळ्यात गेला, घड्याळ मनगटावर.
विचारायचं नाही असं ठरवलं होतं,
तरी तोंडून गेलंच.
"अकरा वेळा दाबलंस. काय म्हणत होता?"

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर घातली.
"दहा वेळा नेहमीचंच."

"आणि अकराव्यांदा?"

"म्हणाला, हा भोंगा
काळी चारला लागत नाही.
थोडा चढलाय.
कुणीतरी उतरवा."

बशी रिकामी झाली.
दुसऱ्या हातात तो शिसवी तुकडा
अजून होताच,
बोटांत फिरत होता,
अर्धा वळसा
आणि किंचित मागे.